लिंक भलत्याच ब्राउझरमध्ये उघडते? आधी ती कुठून दाबली ते पाहा

कार्यालयात संगणकाच्या तक्रारी ऐकणं हे माझं काम. घरीही सुटका नाही. नात्यात ‘हिला विचारा’ म्हणून एक नाव ठरलेलं असतं, ते आमच्याकडे माझं. त्यामुळे दोन वाक्यं मला तोंडपाठ झाली आहेत. एक, ‘क्रोम टाकलंय तरी सगळं एजमध्येच उघडतं’, एज म्हणजे विंडोजबरोबरच येणारा मायक्रोसॉफ्टचा ब्राउझर. दुसरं, ‘ईमेलच्या पत्त्यावर क्लिक केलं की नको ते उघडतं, नाहीतर काहीच उघडत नाही.’ आणि दोन्ही तक्रारी घेऊन येणारी माणसं बहुधा एकच उपाय करून आलेली असतात: ब्राउझर काढला, पुन्हा टाकला. त्याने बहुतेकदा काही फरक पडत नाही, कारण बिघाड ब्राउझरमध्ये नसतोच.

मेख अशी आहे की ‘डिफॉल्ट’, म्हणजे न विचारता आपोआप उघडणारा प्रोग्राम, ठरवणारं एकच बटण संगणकात कुठेही नाही. वेबचा पत्ता कोणी उघडायचा, ईमेलचा पत्ता कोणी उघडायचा, संगणकावर साठवलेलं वेबपान कोणी उघडायचं, पीडीएफ कोणी उघडायची, या सगळ्यांच्या नोंदी वेगवेगळ्या असतात. वेबच्या पत्त्यातही सुरुवातीला येणाऱ्या एचटीटीपी (http) आणि एचटीटीपीएस (https) या दोन स्वतंत्र नोंदी. त्यातली एखादी जुन्या जागी राहिली की काही लिंका इकडे, काही तिकडे, आणि माणूस म्हणतो संगणकात व्हायरस शिरला.

म्हणून मी पहिला प्रश्न विचारते तो हा: लिंक कुठून दाबली? ब्राउझरच्या आतल्या पानावरून दाबली असेल तर ती त्याच ब्राउझरमध्ये उघडणार, डिफॉल्ट काहीही असो. एजमध्ये बातमी वाचताना दाबलेली लिंक एजमध्येच उघडली म्हणून कुणी तक्रार करत असेल, तर तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नाही. विंडोजच्या खालच्या पट्टीतल्या शोधाच्या चौकटीत काही टाइप केलं आणि निकाल एजमध्ये उघडला, तरी तुमची सेटिंग बिघडलेली नाही. विंडोजने ती वाट मुद्दामच एजकडे वळवलेली आहे. युरोपीय संघाच्या नव्या डिजिटल कायद्यामुळे तिथल्या संगणकांवर ही सक्ती सैल झाली आहे, बाकी ठिकाणी नाही. पूर्वी एक छोटं मोफत साधन ही वाट परत आपल्या ब्राउझरकडे वळवून द्यायचं. २०२१च्या अखेरीस विंडोजमध्ये बदल झाला आणि तेही निकामी ठरलं. त्यात वेळ घालवू नका.

आणखी एक गोंधळ आधीच बाजूला काढते. डिफॉल्ट ब्राउझर, होमपेज आणि शोधयंत्र या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘माझं गुगल बदललं’ असं कुणी म्हटलं की मी विचारते, खिडकी कुठल्या ब्राउझरची आहे? खिडकी क्रोमचीच असेल आणि फक्त शोधाचं पान अनोळखी असेल, तर खाली लिहिलेल्यातलं काहीही करू नका. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘सर्च इंजिन’ पाहा, आणि एक्स्टेन्शनच्या, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामांच्या, यादीत आपण न टाकलेलं काही दिसलं तर ते काढा. शोधाचं पान परस्पर बदलण्यामागे बऱ्याचदा असलं एखादं एक्स्टेन्शन असतं.

चाचणी कशी घ्यायची

अंदाजाने सेटिंग्जमध्ये हात घालण्याआधी खरी स्थिती बघा. विंडोजवर कीबोर्डवरची विंडोजची कळ दाबून धरा आणि आर दाबा. डाव्या कोपऱ्यात ‘रन’ची छोटी चौकट येते. तिच्यात एखाद्या संकेतस्थळाचा पूर्ण पत्ता, म्हणजे सुरुवातीच्या एचटीटीपीएससकट, टाइप करून एंटर करा. जो ब्राउझर उघडेल तो त्या प्रकारच्या लिंकसाठी विंडोजच्या लेखी तुमचा डिफॉल्ट. मग त्याच चौकटीत इंग्रजीतून ‘मेलटू’ (mailto) हा ईमेलच्या लिंकांसाठीचा शब्द सलग लिहा, लगेच कोलन द्या, एंटर. कोऱ्या ईमेलची खिडकी आली तर ती कुणाची आली ते पाहा. मधे दुसरा कुठला प्रोग्राम नसल्यामुळे ही चाचणी फसवत नाही. दुरुस्तीनंतरही हीच घ्यायची.

या चाचणीत बरोबर ब्राउझर उघडला आणि फक्त आउटलुक या मायक्रोसॉफ्टच्या ईमेल प्रोग्राममधल्या लिंकाच एजमध्ये जात असतील, तर विंडोजला दोष देऊ नका. आउटलुकची स्वतःची वेगळी नोंद असते. जुन्या धाटणीच्या आउटलुकमध्ये फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड असं जा आणि खाली सरकत ‘लिंक हँडलिंग’ शोधा. तिथे एजच्या जागी ‘डिफॉल्ट ब्राउझर’ निवडा. टीम्स या मायक्रोसॉफ्टच्या कार्यालयीन संवादाच्या ॲपच्या सेटिंग्जमध्येही ‘फाइल्स अँड लिंक्स’खाली असाच पर्याय आहे. ही सोय, किंवा गैरसोय, २०२३मध्ये आली. तेव्हा कुणीही काहीही न बदलता आमच्या कार्यालयातल्या टेबलाटेबलावरून एकच तक्रार यायला लागली होती.

ब्राउझर बदलायचा

विंडोज ११मध्ये विंडोजची कळ आणि आय दाबून सेटिंग्ज उघडा. डावीकडे ॲप्स, मग डिफॉल्ट ॲप्स. खाली प्रोग्रामांची यादी येते; तिच्यात हवा तो ब्राउझर शोधून त्याच्या नावावर क्लिक करा. पुढच्या पानावर अगदी वर त्याला डिफॉल्ट करण्याबद्दलची एक ओळ आणि तिच्या उजव्या टोकाला ‘सेट डिफॉल्ट’चं बटण असतं. ते दाबा. बटण दाबल्यावर घंटा वाजत नाही की संदेश येत नाही, तेव्हा ‘काही झालंच नाही’ म्हणून दहादा दाबत बसू नका. त्याच पानावर खाली पाहा: एचटीटीपी, एचटीटीपीएस, आणि साठवलेल्या वेबपानांचे एचटीएम (.htm) आणि एचटीएमएल (.html) हे प्रकार, या चारांपुढे आता तुमच्या ब्राउझरचं नाव दिसायला हवं.

हे बटण सुरुवातीला नव्हतं. विंडोज ११ आली ऑक्टोबर २०२१मध्ये, तेव्हा एकेक प्रकार निवडून हाताने बदलावा लागायचा. लोकांनी आरडाओरडा केला आणि मार्च २०२२च्या अपडेटमध्ये हे बटण आलं. त्यामुळे इंटरनेटवरची काही जुनी मार्गदर्शनं तुम्हाला अजूनही तो लांबचा रस्ता दाखवतील.

बटण दाबूनही पीडीएफ एजमध्येच उघडत असेल तर नवल नाही; पीडीएफची नोंद या बटणाबरोबर बदलेलच असं नाही. त्याच पानावर पीडीएफच्या ओळीवर क्लिक करून ती वेगळी बदला. मधेच ‘बदलण्यापूर्वी एज एकदा वापरून पाहा’ अशा अर्थाची विनवणी आली तर तिच्यात ‘स्विच एनीवे’ असं लहान अक्षरांतलं उत्तरही असतं, तिकडे नजर ठेवा.

विंडोज १० अजून पुष्कळ घरांत आहे. तिचा अधिकृत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, तरी संगणक चालतातच. तिथे सेटिंग्ज, ॲप्स, डिफॉल्ट ॲप्स असं गेलं की सरळ ‘ईमेल’, ‘वेब ब्राउझर’ अशी शीर्षकं दिसतात. चिन्हावर क्लिक करा, यादीतून निवडा, संपलं. या बाबतीत जुनीच मांडणी बरी होती असं माझं स्पष्ट मत आहे.

आता कुणी विचारेल, क्रोम किंवा फायरफॉक्स स्वतःच विचारतो ना, ‘मला डिफॉल्ट करू का?’ मग ‘हो’ म्हटल्यावर तो सेटिंग्जच्या पानावर का नेऊन सोडतो? कारण विंडोज ८पासून ही निवड एका पडताळणीच्या खुणेसह साठवली जाते. कुठल्याही प्रोग्रामने परस्पर नोंद बदलली तर खूण जुळत नाही आणि विंडोज ती निवड मानत नाही. हेतू चांगला: फुकटातल्या प्रोग्रामबरोबर आलेल्या आगंतुक ब्राउझरांना चाप. पण त्याचा फायदा आधीपासून घरात बसलेल्यालाच जास्त होतो, हेही तितकंच खरं. ही ओढाताण जुनीच आहे. विंडोजमध्ये ब्राउझर निवडण्याचं पान दाखवण्याचं वचन मायक्रोसॉफ्टने युरोपात दिलं होतं आणि विंडोज ७च्या एका अपडेटनंतर ते पाळलं गेलं नाही, म्हणून २०१३मध्ये युरोपीय आयोगाने कंपनीला ५६.१ कोटी युरोंचा दंड केला होता. तुमच्या एका क्लिकवर एवढा जीव का, ते यावरून समजेल.

मॅकवर हे काम दोन क्लिकचं. व्हेंचुरा आणि त्यानंतरच्या मॅकओएसमध्ये सिस्टिम सेटिंग्ज, ‘डेस्कटॉप अँड डॉक’, आणि खाली सरकलं की ‘डिफॉल्ट वेब ब्राउझर’. त्याआधीच्या आवृत्त्यांत हेच ‘जनरल’मध्ये होतं. लिनक्सवर ग्नोम डेस्कटॉप असेल तर त्याच्या सेटिंग्जमध्येही ‘डिफॉल्ट ॲप्स’ आहे, वेब आणि मेल दोन्ही तिथेच.

ईमेलचं खरं दुखणं

ब्राउझर निस्तरणं सोपं. लोक अडतात ते ईमेलपाशी.

कुठल्याही पानावर ‘आम्हाला लिहा’ असं दिसतं, त्यामागे बहुधा मेलटू प्रकारची लिंक असते. ती दाबली की विंडोज स्वतःच्या नोंदीत पाहते, मेलटू कुणाकडे? त्याला उठवून पत्ता हाती देते. नोंदीत नाव असलेला प्रोग्राम तुम्ही कधी वापरलाच नसेल, तर तो तुमच्याकडे खातं उघडण्याचा तपशील मागत बसतो. बंद झालेला असेल तर आणखी गंमत. माझ्या मावशीच्या संगणकावर नेमकं हेच होतं. फोनवरून दुरुस्ती करताना माझा एकच आग्रह असतो: जे दिसतंय ते जसंच्या तसं वाचून दाखवायचं, ‘ते नेहमीचंच आलंय’ चालणार नाही.

“डिफॉल्ट ॲप्सच्या पानावर वर एक लांब चौकट आहे बघ. तिच्यात इंग्रजीत मेलटू टाइप कर. सलग, मधे जागा नको.”

“केलं. खाली पाकिटाचं चित्र आलं.”

“त्याच्यापुढे काय लिहिलंय?”

“मेल.”

“नुसतं मेल? आउटलुक नाही?”

“नाही गं, नुसतं मेल.”

तिथेच उलगडा झाला. विंडोजबरोबर येणाऱ्या त्या ‘मेल’ ॲपचा आधार मायक्रोसॉफ्टने ३१ डिसेंबर २०२४ला काढून घेतला आणि त्याच्या जागी नवं आउटलुक पुढे केलं. मावशी वापरते थंडरबर्ड, हा दुसराच ईमेल प्रोग्राम. पण नोंद अजून बंद पडलेल्या दारावरच टकटक करत होती. पाकिटावर क्लिक, यादीतून थंडरबर्ड, ‘सेट डिफॉल्ट’. मग रनच्या चौकटीतली चाचणी. थंडरबर्डची कोरी खिडकी उघडली आणि पलीकडून “अगोबाई, एवढंच होतं?” असं ऐकू आलं.

थंडरबर्डवाल्यांनी त्याच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्येही एकदा डोकवावं. ‘जनरल’मध्ये ‘सिस्टिम इंटिग्रेशन’ म्हणून भाग आहे, तिथे ‘चेक नाउ’ दाबलं की ईमेल, न्यूजग्रुप आणि फीड यांपैकी कशासाठी त्याला डिफॉल्ट करायचं ते विचारतो. ईमेलवर खूण पुरेशी आहे.

मॅकवर ईमेलचा डिफॉल्ट कित्येक वर्षं एका विचित्र जागी राहिला आहे: ॲपलच्या मेल ॲपच्या आत, सेटिंग्ज, जनरल, ‘डिफॉल्ट ईमेल रीडर’. म्हणजे जे ॲप वापरायचं नाही, ते उघडूनच त्याला निवृत्त करायचं. त्यात ते ॲप आधी खातं जोडायला सांगतं आणि पुढे जाऊ देत नाही. अशा वेळी तुम्ही वापरता त्या ईमेल प्रोग्रामच्या सेटिंग्जमध्ये ‘डिफॉल्ट करा’ असा पर्याय आहे का ते पाहा. बहुतेकांत असतो.

जीमेल ब्राउझरमध्येच वापरत असाल तर

हल्ली बहुतेकांचं असंच असतं, आणि इथेच सर्वांत जास्त शोधाशोध होते, कारण डिफॉल्ट ॲप्सच्या यादीत जीमेल सापडत नाही. सापडणार कसं? तो संगणकावर बसवलेला प्रोग्राम नाही, संकेतस्थळ आहे. म्हणून काम दोन टप्प्यांत करावं लागतं आणि लोक त्यातला एकच करून थांबतात.

पहिला टप्पा ब्राउझरला सांगायचा: ईमेलचा पत्ता आला की जीमेल उघड. क्रोममध्ये जीमेल उघडा आणि पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाकडे बारकाईने पाहा. एकावर एक सरकलेल्या दोन चौकटींचं, चौकट म्हणजे खेळायच्या पत्त्यांतल्या चौकटसारखं, एक फिकट चिन्ह दिसतं. ते दाबून ‘अलाउ’ निवडा. चिन्ह दिसतच नसेल तर बहुधा पूर्वी कधीतरी तुम्ही घाईत नकार दिलेला असतो, किंवा परवानगी आधीच दिलेली असते. दोन्ही एकाच जागी कळतं: क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, मग ‘साइट सेटिंग्ज’, त्यात ‘अ‍ॅडिशनल परमिशन्स’ उलगडलं की ‘प्रोटोकॉल हँडलर्स’. जीमेल नकाराच्या यादीत असेल तर तिथून काढा आणि जीमेलचं पान पुन्हा उघडा.

फायरफॉक्समध्ये हे जास्त सुटसुटीत आहे. सेटिंग्जच्या ‘जनरल’ पानावर खाली ‘ॲप्लिकेशन्स’ची यादी आहे, तिच्यात मेलटूची ओळ शोधा आणि तिच्यापुढच्या पर्यायांतून जीमेल निवडा.

दुसरा टप्पा विंडोजला सांगायचा: मेलटूची नोंद त्या ब्राउझरच्या नावे कर. मावशीने थंडरबर्ड निवडलं तिथेच तुम्ही क्रोम किंवा फायरफॉक्स निवडायचा. पहिला टप्पा नुसता केला तर ब्राउझरच्या आतले पत्ते नीट उघडतील, पण वर्ड किंवा पीडीएफमधला पत्ता जुन्याच ठिकाणी जाईल. दुसरा नुसता केला तर क्रोम उघडेल आणि पुढे काय करायचं ते न कळून कोरा बसेल.

क्रोममध्ये तुम्ही दोन प्रोफाइल ठेवत असाल, एक कामाचं आणि एक घरचं, तर बाहेरून आलेली लिंक शेवटी वापरलेल्या खिडकीच्या प्रोफाइलमध्ये उघडते. कामाच्या खात्यातून भलत्या माणसाला पत्र जायला नको असेल तर लिंक दाबण्याआधी हव्या त्या प्रोफाइलची खिडकी एकदा पुढे आणा, आणि पाठवण्याआधी ‘प्रेषक’च्या जागी कुठला पत्ता आहे तो वाचा.

ब्राउझरमधल्या ईमेलला एक मर्यादा आहे, ती आधीच माहीत असलेली बरी. फाइलवर उजवं क्लिक करून ‘सेंड टू’मधून ‘मेल रेसिपियंट’ निवडणं, किंवा एक्सेलमधूनच फाइल जोडून पाठवणं, हे मेलटूने होत नाही. मेलटू पत्ता, विषय आणि मजकूर नेऊ शकतो. फाइल जोडण्याची सोय त्याच्या ठरलेल्या नियमांत नाही. ते काम एमएपीआय नावाच्या दुसऱ्या, जुन्या यंत्रणेचं आहे आणि तिला संगणकावर बसवलेलाच ईमेल प्रोग्राम लागतो. म्हणून ‘डिफॉल्ट मेल क्लायंट नाही, आउटलुक चालू करून ते डिफॉल्ट करा’ अशा अर्थाची लांबलचक इंग्रजी चौकट येते. ती आली की दोनच मार्ग: रोज असं पाठवावं लागत असेल तर थंडरबर्ड किंवा जुन्या धाटणीचं आउटलुक बसवून डिफॉल्ट करा, क्वचित लागत असेल तर ब्राउझरमध्ये नवं पत्र उघडा आणि फाइल माउसने ओढून त्यात टाका.

आज केलं, उद्या येरे माझ्या मागल्या

विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर कधी कधी ‘तुमच्या संगणकाची मांडणी पूर्ण करू या’ अशा सुराचं निळसर पान पडदाभर येतं. त्यात ‘शिफारस केलेली ब्राउझर सेटिंग्ज वापरा’ हा पर्याय असतो आणि घाईत पुढे-पुढे दाबणारा माणूस त्याला होकार देऊन मोकळा होतो. तिथे न बदलण्याचा पर्याय निवडा. हे पान पुन्हा यायलाच नको असेल तर सेटिंग्जमध्ये सिस्टिम, नोटिफिकेशन्स, अगदी तळाशी ‘अ‍ॅडिशनल सेटिंग्ज’ उघडा आणि संगणकाची मांडणी पूर्ण करण्याच्या सूचनांची खूण काढून टाका.

दोन ब्राउझर असतील आणि दोघेही दर वेळी ‘मला डिफॉल्ट करा’ म्हणत असतील, तर एकाचं तोंड बंद करा. फायरफॉक्समध्ये सेटिंग्जच्या सुरुवातीलाच ‘नेहमी तपासा’ अशा अर्थाची खूण असते; नको असलेल्याची काढा.

डिफॉल्ट ॲप्सच्या पानाच्या तळाशी ‘रीसेट’ आहे. ते सहज म्हणून दाबू नका. त्याने फक्त ब्राउझर नाही, तर गाणी, चित्रं, चलचित्रं, सगळ्याच नोंदी मायक्रोसॉफ्टच्या पसंतीवर जातात आणि आगीतून फुफाट्यात.

हवा तो प्रोग्राम यादीतच दिसत नसेल, तर मात्र पुन्हा बसवणं हा योग्य उपाय आहे. पेन ड्राइव्हवरून थेट चालणाऱ्या आवृत्त्या विंडोजकडे आपलं नाव नोंदवत नाहीत, म्हणून त्या यादीत येत नाहीत. आणि सेटिंग्जमधली बटणं करडी, न दाबली जाणारी असतील, तर संगणक बहुधा कार्यालयाचा असतो आणि निवड तिथल्या तंत्रविभागाने बांधून टाकलेली असते, त्यांनाच विचारा. नवा लॅपटॉप ‘एस मोड’ या विंडोजच्या बंदिस्त अवस्थेत असेल तरीही एज बदलता येत नाही. एस मोडमधून बाहेर पडायला पैसे लागत नाहीत, पण बाहेर पडलं की परत जाता येत नाही, तेव्हा घरच्यांना विचारून मगच.

घरात एकाच संगणकावर प्रत्येकाचं वेगळं खातं असेल तर हे सगळं फक्त तुमच्या खात्यापुरतं बदललं आहे. बाकीच्यांना आपापल्या खात्यातून लॉगइन करून हेच पुन्हा करावं लागेल.